यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई यशवंतराव होळकर (दुसरे) (६ सप्टेंबर १९०८ – ५ डिसेंबर १९६१) हे इंदूर संस्थानाचे अखेरचे सत्ताधारी महाराज होते. मल्हारराव होळकर आणि अहिल्याबाई होळकर यांच्या घराण्याचे ते वारस. १९२६ मध्ये ते गादीवर आले आणि १९४८ मध्ये संस्थान मध्य भारत संघात विलीन होईपर्यंत महाराजपदावर राहिले. आधुनिक युरोपीय कलेचे आश्रयदाते, माणिकबाग राजवाड्याचे निर्माते, होळकर क्रिकेट संघाचे पाठीराखे आणि दोन महायुद्धांमधील काळातील सर्वोत्तम वेगवान मोटारींचे चोखंदळ खरेदीदार अशी त्यांची ओळख आहे. त्यांच्यासाठी बांधलेल्या काही मोटारी आज जगातील अतिशय मोलाच्या जुन्या मोटारींत गणल्या जातात.

बालपण आणि शिक्षण

यशवंतरावांचा जन्म इंदूर येथे झाला. वडील महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) व आई चंद्रावतीबाई. तुकोजीरावांच्या काळात इंदूर हे माळव्यातील कापड गिरण्यांचे मोठे केंद्र झाले होते. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये शहराचा विकास आराखडा तयार केला होता. दरबाराची आणि घराण्याची भाषा मराठी, प्रजेची बहुतांश माळवी व हिंदी, आणि राजपुत्रांचे शिक्षण इंग्रजी, अशा तिहेरी वातावरणात ते वाढले.

शालेय शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. चीम आणि चार्टरहाउस या शाळांत शिकून ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाले. तेथे मार्सेल हार्डी हे त्यांचे शिक्षक होते. हार्डी यांच्यामुळे त्यांचा परिचय फ्रेंच लेखक व कलासंग्राहक आंरी-पिएर रोशे यांच्याशी झाला. चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांच्या पॅरिसमधील वर्तुळात त्यांचा प्रवेश झाला तो रोशे यांच्यामार्फत. याच काळात एकार्ट मुथेझिअस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशीही त्यांची मैत्री जुळली.

१९२४ मध्ये, शाळकरी वयातच, त्यांचा विवाह कागलच्या (धाकटी पाती) घाटगे घराण्यातील दत्ताजीराव घाटगे यांच्या कन्या संयोगिताबाई यांच्याशी झाला. कागल कोल्हापूरच्या छत्रपतींशी नात्याने जोडलेले असल्याने या विवाहाने माळवा व दक्षिण महाराष्ट्रातील दोन घराणी एकत्र आली.

राज्यारोहण

यशवंतरावांना गादी मिळाली ती एका फौजदारी प्रकरणाच्या सावटाखाली. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईतील मलबार हिलवर अब्दुल कादर बावला हे व्यापारी मुमताज बेगम यांच्यासह मोटारीतून जात असताना त्यांच्यावर हल्ला झाला. बावला मारले गेले. मुमताज बेगम या पूर्वी इंदूर दरबारात होत्या व तेथून निघून आल्या होत्या. हल्लेखोरांचा संबंध इंदूरशी असल्याचे उघड झाल्यावर ब्रिटिश सरकारने तुकोजीरावांपुढे चौकशीला सामोरे जाणे किंवा पदत्याग असे दोन पर्याय ठेवले. त्यांनी पदत्याग स्वीकारला. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले. ते अल्पवयीन असल्याने कारभार मंत्रिमंडळाकडे होता. ९ मे १९३० रोजी त्यांना पूर्ण अधिकार मिळाले.

संस्थानाची लोकसंख्या तेव्हा सुमारे १३ लाख होती. होळकरांना १९ तोफांच्या सलामीचा मान होता. अधिकार हाती आले त्याच सुमारास जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. तरुण महाराजांच्या पुढील दहा वर्षांतील मोठ्या खरेद्यांचा विचार करताना हा संदर्भ लक्षात ठेवावा लागतो.

माणिकबाग

इंदूरमधील माणिकबाग राजवाड्याची रचना व अंतर्गत सजावट १९३० ते १९३३ या काळात मुथेझिअस यांनी केली. भारतीय संस्थानिकांच्या वाड्यांत तोवर युरोपीय पद्धतीचे झुंबर, सोनेरी मुलाम्याचे फर्निचर आणि जड पडदे यांची रेलचेल असे. माणिकबागेत यातील काहीच नव्हते. सरळ रेषा, पोलाद, काच, अॅल्युमिनियम, मोजकी रंगयोजना आणि वातानुकूलन ही तिची वैशिष्ट्ये होती. एमिल-जाक रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्ब्युझिए व शार्लोत पेरियाँ, लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांनी घडवलेल्या वस्तू तेथे होत्या. गालिचे इव्हान द सिल्वा ब्रून यांचे होते. मुथेझिअस यांनी महाराजांसाठी रेल्वेच्या खास डब्याची अंतर्रचनाही केली.

शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुसी यांच्या ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे महाराजांनी विकत घेतली: एक काळ्या संगमरवरातील, एक पांढऱ्या संगमरवरातील आणि एक ब्राँझचे. या शिल्पांसाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधण्याची योजना होती. त्यासाठी ब्रांकुसी १९३७ च्या अखेरीस इंदूरला आले. परंतु बांधकाम सुरू झाले नाही. संगमरवरी शिल्पे आता कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात, तर ब्राँझचे शिल्प पॅसाडिना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे.

फ्रेंच चित्रकार बर्नार बूते द मोंव्हेल यांनी महाराजांची दोन प्रसिद्ध व्यक्तिचित्रे रंगवली. १९२९ च्या चित्रात ते युरोपीय पद्धतीच्या सायंकालीन पोशाखात आहेत, तर १९३४ च्या चित्रात मराठा पद्धतीच्या पांढऱ्या पोशाखात, पगडी घालून बसलेले आहेत. दुसऱ्या चित्रात त्यांच्या गळ्यात ‘इंदूर पेअर्स’ या नावाने ओळखले जाणारे दोन मोठे हिरे दिसतात. ते तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या पेढीकडून घेतले होते. १९४६ मध्ये ते अमेरिकी जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे गेले. छायाचित्रकार मॅन रे यांनी महाराज व महाराणी यांची टिपलेली छायाचित्रेही प्रसिद्ध आहेत.

मोटारी

खरेदीची पद्धत

१९३० च्या दशकात उच्च प्रतीची मोटार तयार स्थितीत दुकानातून घेतली जात नसे. कारखाना इंजिन, गिअर, चाके व सांगाडा एवढाच भाग, म्हणजे ‘चासी’, विकत असे. त्यावर बॉडी चढवण्याचे काम दुसऱ्या कारखान्याकडे जाई. ग्राहकाला तीन स्वतंत्र निर्णय घ्यावे लागत: चासी कोणाची, बॉडी कोणाकडून बांधून घ्यायची आणि तिचे रूप व रंग कसे असावेत. प्रत्येक टप्प्यावर पैसे वेगळे मोजावे लागत आणि मोटार हाती येण्यास अनेक महिने लागत. अशी मोटार म्हणजे शिवून घेतलेल्या अंगरख्यासारखी असे. मापे ग्राहकाची आणि हात कारागिराचा.

बहुतेक संस्थानिकांचा ओढा रोल्स-रॉइसकडे होता. मोठी, उंच, हौद्यासारखी बैठक असलेली आणि शिकारीसाठी किंवा मिरवणुकीसाठी सजवलेली गाडी ही त्यांची आवड. यशवंतरावांची निवड निराळी होती. त्यांना स्वतः चालवता येईल अशी बुटकी, लांब नाकाची, वेगवान गाडी हवी असे. सजावटीत सोने-चांदी नसे. सौंदर्य रेषेतून आणि प्रमाणातून साधलेले असे. माणिकबागेतील खुर्ची निवडणारी दृष्टी आणि मोटार निवडणारी दृष्टी एकच होती असे म्हणता येते.

बॉडी बांधण्यासाठी त्यांनी प्रामुख्याने लंडनच्या जे. गर्नी नटिंग या कारखान्याची निवड केली. ए. एफ. मॅकनील हे तेथील मुख्य आरेखनकार होते. प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या आश्रयामुळे या कारखान्याला प्रतिष्ठा लाभली होती.

प्रमुख मोटारी

महाराजांच्या मोटारींपैकी पुढील चार विशेष प्रसिद्ध आहेत.

ड्युसेनबर्ग एसजे: अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे बनलेली ही चासी १९३५ च्या सुमारास गर्नी नटिंगकडे पाठवण्यात आली. इंजिन आठ सिलिंडरचे, सुमारे ६.९ लिटरचे व सुपरचार्जर बसवलेले. कारखान्याच्या दाव्यानुसार त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती होती, म्हणजे त्या काळातील साध्या मोटारीच्या कित्येक पट. चासी लांब मापाची होती. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारे ३९० सेंटिमीटर, आणि एवढ्या लांबीवर आटोपशीर खुली बैठक. नारिंगी व काळ्या रंगातील ही गाडी ड्युसेनबर्गच्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी एक मानली जाते.

हिस्पानो-सुइझा जे१२: पॅरिसजवळ बनलेल्या या मोटारीचे इंजिन बारा सिलिंडरचे व ९.४ लिटरचे होते. हीवर टप काढता येणारी बॉडी गर्नी नटिंगनेच बांधली.

बेंटली ४¼ लिटर: ही त्या मानाने लहान व शांत चालणारी इंग्लिश मोटार होती. बॉडी पुन्हा गर्नी नटिंगची.

आल्फा रोमिओ ८सी २९००बी: इटलीतील शर्यतींच्या मोटारीवरून रस्त्यासाठी तयार केलेला हा प्रकार. आठ सिलिंडर, २.९ लिटर, दोन सुपरचार्जर आणि सुमारे १८० अश्वशक्ती. याच घराण्यातील गाडीने १९३८ ची मिल्ले मिलिया ही इटालियन रस्ताशर्यत जिंकली होती. या गाडीची बॉडी मिलानच्या टूरिंग या कारखान्याच्या पद्धतीने, म्हणजे बारीक पोलादी नळ्यांच्या जाळीवर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवून केलेली होती. त्यामुळे गाडीचे वजन कमी राही.

निवडीचा अर्थ

व्यवहाराच्या कसोटीवर पाहता या खरेद्या शहाणपणाच्या नव्हत्या. मंदीमुळे या तिन्ही-चारी देशांतील महागड्या मोटारींचे कारखाने अडचणीत होते. ड्युसेनबर्ग १९३७ मध्ये बंद पडली. हिस्पानो-सुइझाने १९३८ मध्ये फ्रान्समधील मोटारींचे उत्पादन थांबवले. गर्नी नटिंगही १९४५ मध्ये दुसऱ्या व्यवसायाकडे गेली. कारखाना बंद झाला की सुटा भाग मिळत नाही, आणि इंदूरसारख्या ठिकाणी सुपरचार्जर उघडून नीट बसवणारा मिस्त्री मिळणे अवघडच होते. माळव्याचे रस्ते, उन्हाळा आणि धूळ या गोष्टीही अशा मोटारींना अनुकूल नव्हत्या. रोल्स-रॉइस घेतली असती तर कंपनीचे कारागीर भारतात उपलब्ध होते आणि गाडी मुलाला देता आली असती.

तरीही याच निवडीमुळे या मोटारी पुढे टिकल्या. एकेकच नमुना असलेली, त्या-त्या देशातील यंत्रविद्येचा शेवटचा बहर दाखवणारी गाडी सहजासहजी मोडीत काढली जात नाही. महाराज ज्या कारखान्यांचे ग्राहक होते ते बुडत होते; पण बुडण्याआधीचे त्यांचे उत्तम काम त्यांच्याकडे आले.

या खर्चाला दुसरी बाजू आहे. संस्थानाच्या उत्पन्नातून महाराजांचा खासगी खर्च भागवला जाई. तो उत्पन्नाच्या ठरावीक प्रमाणात असावा आणि कारभार लोकांना जबाबदार असावा, ही प्रजामंडळांची मागणी १९३० च्या दशकात देशभर जोर धरत होती. इंदूरही त्याला अपवाद नव्हते. एका चासीची किंमत हजारो डॉलर असताना माळव्यातील शेतकऱ्याच्या कापसाला भाव नव्हता, ही वस्तुस्थिती महाराजांच्या कलादृष्टीचे कौतुक करताना विसरता येत नाही.

कौटुंबिक जीवन

महाराज व संयोगिताबाई यांचा बराच काळ युरोपात जाई. १९३३ मध्ये त्यांची कन्या उषाराजे यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. १९३७ मध्ये संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. तेव्हा त्यांचे वय तेवीसच्या आसपास होते. माणिकबागेची कल्पना दोघांची होती. त्यांच्या मृत्यूनंतर राजवाड्यासाठी मोठी कलाखरेदी जवळजवळ थांबली, आणि ध्यानमंदिराची योजनाही मागे पडली.

पुढे महाराजांनी दोन अमेरिकी स्त्रियांशी विवाह केले. मार्गारेट लॉलर यांच्याशी झालेला विवाह १९४३ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी त्यांनी युफेमिया क्रेन यांच्याशी विवाह केला. १९४४ मध्ये पुत्र शिवाजीराव (रिचर्ड) यांचा जन्म झाला. या वर्षांत महाराजांचा मुक्काम बराचसा अमेरिकेत असे.

राज्यकारभार

महाराज दीर्घकाळ परदेशी असल्याने दैनंदिन कारभार पंतप्रधान व मंत्रिमंडळ पाहत. त्यांच्या कारकिर्दीत इंदूरमध्ये अनेक महत्त्वाचे प्रयत्न झाले. आल्बर्ट हॉवर्ड या कृषिशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत शेणखत व काडीकचऱ्यापासून खत तयार करण्याची पद्धत विकसित केली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा एक पाया ठरली. १९३५ मध्ये बिजासन येथे विमानतळासाठी जागेची निवड झाली. तेथील विमानतळ आता देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो.

१९३५ हे वर्ष इंदूरच्या सांस्कृतिक जीवनात लक्षणीय ठरले. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष होते. हिंदी साहित्य संमेलनही त्याच वर्षी इंदूरला झाले व त्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाज आपली भाषा जपत असतानाच आसपासच्या हिंदी जगाशी कसा जोडला गेला होता, याचे हे उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ मध्ये महाराजांनी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. भारताच्या प्रश्नात मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी, असा त्याचा आशय होता. ब्रिटिश सार्वभौमत्वाखालील संस्थानिकाने असे जाहीर पत्र लिहिणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

होळकर क्रिकेट संघ

१९४१ मध्ये मध्य भारताच्या संघाऐवजी होळकर संघ रणजी करंडक स्पर्धेत उतरू लागला. कर्णधार कर्नल सी. के. नायडू होते; तुकोजीरावांनीच त्यांना पूर्वी इंदूरला आणले होते. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे खेळाडू या संघात होते. खेळाडूंना संस्थानाच्या सेवेत नोकरी दिली जाई, त्यामुळे त्यांना उपजीविकेची चिंता राहत नसे.

या संघाने १९४५–४६, १९४७–४८, १९५०–५१ आणि १९५२–५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४४–४५ च्या अंतिम सामन्यात महूच्या छावणीत असलेले इंग्लिश फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळले व त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. तरीही तो सामना मुंबईने जिंकला. संस्थान विलीन झाल्यानंतरही काही वर्षे संघ होळकर याच नावाने खेळत राहिला. १९५४–५५ च्या हंगामानंतर त्याचे अस्तित्व संपले. मोटारी व शिल्पे थोड्यांच्या नजरेस पडली. क्रिकेट संघामुळे मात्र महाराजांचे नाव मुंबई-पुण्याच्या चाळींतील मुलांपर्यंत पोहोचले.

विलीनीकरण

१९४७ मध्ये भारतात सामील होण्याच्या निर्णयाबाबत महाराजांनी सुरुवातीला चालढकल केली. भोपाळच्या नवाबांशी त्यांचा या काळात निकटचा संपर्क होता. अखेर ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांनी सामीलनाम्यावर सही केली. २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर व माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत संघ अस्तित्वात आला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. शिंदे व होळकर यांची दीर्घ चढाओढ पाहता एका राज्याच्या दोन पदांवर दोघे येणे हा इतिहासातील विलक्षण योग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्याची पुनर्रचना झाली आणि उपराजप्रमुखपद रद्द झाले.

अखेरची वर्षे व वारसा

५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबई येथे वयाच्या ५३ व्या वर्षी यशवंतरावांचे निधन झाले. त्यांच्यामागे भारत सरकारने उषाराजे यांना वारस म्हणून मान्यता दिली. शिवाजीराव होळकर यांनी महेश्वर येथे हातमाग विणकरांसाठी सुरू झालेल्या रेहवा संस्थेच्या कामात पुढाकार घेतला. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व विशेषाधिकार संपले.

माणिकबागेतील वस्तूंचा मोठा लिलाव १९८० मध्ये मोनाको येथे झाला. त्यातील वस्तू जगभरच्या संग्रहालयांत व खासगी संग्रहांत गेल्या. राजवाड्याच्या इमारतीत पुढे केंद्रीय सीमाशुल्क व उत्पादनशुल्क विभागाचे कार्यालय आले. २०१९–२० मध्ये पॅरिसच्या शोभेच्या कलांच्या संग्रहालयात महाराजांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरले. इंदूरमधील महाराजा यशवंतराव रुग्णालय त्यांच्या नावाने चालते. उषाराजे यांच्या नावाचे क्रिकेट मैदान २०१० पासून होळकर क्रिकेट मैदान म्हणून ओळखले जाते.

मोटारींचे पुढचे आयुष्य

वर उल्लेखिलेल्या मोटारींपैकी ड्युसेनबर्ग अमेरिकेत गेली आणि तेथील संग्राहकांकडे राहिली. इतर मोटारीही परदेशी संग्राहकांच्या हाती गेल्या. इंदूरच्याच नव्हे, तर देशभरातील संस्थानिकांच्या मोटारींची हीच कथा आहे. तनखे बंद झाल्यावर गॅरेजमधील मोटारी ओझे वाटू लागल्या. कित्येक अल्प किमतीत विकल्या गेल्या, कित्येकांचे भाग काढून घेतले गेले, आणि उत्तम नमुने जहाजाने बाहेर गेले. हा ओघ थांबवण्यासाठी १९७० च्या दशकात सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली. तोपर्यंत बरेच काही निघून गेले होते.

महाराजांच्या मोटारींचे उदाहरण जुन्या वेगवान मोटारीची पारख कशी होते हे समजण्यास उपयोगी आहे. अशी मोटार घ्यावी की नाही हे ठरवताना जाणकार खरेदीदार रंग व चकाकीकडे शेवटी पाहतो. प्रथम चासीवरचा क्रमांक, इंजिनवरचा क्रमांक आणि कारखान्याच्या वहीतील नोंद जुळते का, हे तपासले जाते. ड्युसेनबर्गच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण युद्धानंतरच्या काळात या गाड्या स्वस्त झाल्या होत्या आणि एकीची बॉडी दुसरीच्या चासीवर चढवण्याचे प्रकार सर्रास होत. त्यानंतर बॉडी मूळची आहे की नव्याने बांधलेली, याचा विचार होतो. तिसरा मुद्दा मालकीच्या साखळीचा. पहिला मालक कोण, त्याच्याकडून ती कोणाकडे गेली आणि त्याची कागदपत्रे व छायाचित्रे आहेत का, यावर किंमत ठरते. शेवटी भागांची उपलब्धता व दुरुस्तीचा खर्च येतो, आणि अनुभव असा की खरेदीच्या किमतीपेक्षा तो जड जाऊ शकतो. या सर्व कसोट्यांवर होळकरांच्या मोटारी उतरतात, कारण त्या मागणीनुसार बांधलेल्या, नोंद असलेल्या आणि एकमेव आहेत.

भारतात जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व ती दहा वर्षांसाठी असते. पुढील नोंदणीसाठी ५,००० रुपये आकारले जातात. वाहन क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यामुळे पनवेलमध्ये राहणाऱ्या मालकाच्या अशा मोटारीवर तेथील कार्यालयाचा ‘एमएच ४६’ हा नेहमीचा क्रमांक नसून ‘एमएच व्हीए’ अशी पाटी असते. प्रदर्शन, संशोधन, मेळावा, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवण्यासाठी नाही.

मूल्यमापन

यशवंतराव होळकर यांच्याविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. एका मताप्रमाणे ते प्रजेपासून दूर, परदेशात रमलेले आणि संस्थानाच्या उत्पन्नातून उंची हौस भागवणारे राजे होते. दुसऱ्या मताप्रमाणे ते आपल्या काळाच्या पुढे पाहणारे रसिक होते आणि ज्या कलावंतांना युरोपातही पुरेसे ग्राहक नव्हते त्यांना त्यांनी काम दिले. दोन्ही मतांत तथ्य आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरला घाट व देवळे बांधली; तेथे आजही सर्वांना जाता येते. यशवंतरावांनी जे घडवून घेतले त्याचा मोठा भाग त्यांच्या प्रजेने कधी पाहिला नाही, आणि आज तो पाहण्यासाठी पॅरिस, कॅनबेरा किंवा कॅलिफोर्नियाला जावे लागते. महाराष्ट्राबाहेरील एका मराठी घराण्याच्या दोनशे वर्षांहून अधिक काळच्या सत्तेचा शेवट त्यांच्या हयातीत झाला. त्या शेवटाच्या काळातील त्यांची निवड, मग ती राजवाड्याची असो, खेळाडूंची असो वा मोटारीची, जगाच्या कलेतिहासात व यंत्रेतिहासात नोंदली गेली आहे.